सुंदरबन, चार जण, ४५ हजार. कोणी जाऊन आलंय का?

तापीकाठ, भुसावळ:
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत सुंदरबनला जायचं ठरतंय. मी, बायको, नववीतली मुलगी आणि वडील. वडील ७२ वर्षांचे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त. गुडघे दुखतात, पण काठी घेऊन चालतात. घरातून निघून घरी परत, सगळं मिळून ४५ हजार. यंदा त्यापुढे हात जाणार नाही. कोलकात्याचा टूरवाला गाठावा की आपलं आपण जावं? किती रात्री पुरतात? वडिलांना बोटीत चढायला जमेल का?

केळीबाग, रावेर:
भाऊ, सुंदरबनात वाघ दिसत नाही. ताडोबाला जा. आम्ही मे महिन्यात गेलो, सहा जण, चांगलं रिसॉर्ट घेतलं. दुसऱ्याच फेरीत वाघीण आणि तीन बछडे जिप्सीसमोरून रस्ता ओलांडून गेले. खर्च ८० च्या वर गेला, पण पोरं अजून तेच सांगत बसतात.

अमळनेरकर:
मी फसलोय, म्हणून सांगतो. सगळ्यात स्वस्त टूर घेतली होती. बोटीवर ४२ माणसं आणि वरच्या डेकवर दिवसभर गाणी. गाईड बिचारा काठाकडे हात करून काहीतरी सांगायचा, आम्हाला नुसते ओठ हलताना दिसायचे. पत्रकात 'वाघ हमखास' छापलेलं! पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: बोटीवर माणसं किती, संडास कमोडचा आहे का, गाणी लावता का. तिसऱ्यावर 'तुम्ही म्हणाल तशी लावू' असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या. आणि वडिलांना नका नेऊ. माझ्या सासऱ्यांचे फार हाल झाले.

सातपुड्यातला, चोपडा:
दोनदा गेलोय. १९७३ साली देशात पहिले व्याघ्रप्रकल्प झाले त्यातलं हे जंगल, १९८४ पासून राष्ट्रीय उद्यान. इथे जिप्सी नाही, पायी फिरणं नाही, सगळं बोटीतून. उतरायचं ते सजनेखाली, सुधन्यखाली, दोबांकी अशा जाळी लावलेल्या मनोऱ्यांवर. परवाना लागतो, गाईड बोटीवर घ्यावाच लागतो. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा.

टूरवाले सांगत नाहीत ती गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. ओहोटीला चिखल उघडा पडतो, मगर ऊन खायला वर येते, घोरपड दिसते, नशीब असेल तर वाघाच्या पंजांची ताजी रांग पाण्यात उतरलेली दिसते. भरतीला बोट लहान खाड्यांत शिरते. दोन्ही मिळायला एक आख्खा दिवस जंगलात हवा, म्हणजे दोन रात्री. एका रात्रीची टूर घेऊच नका, जाण्यायेण्यातच वेळ संपतो.

सुधन्यखालीजवळ आमच्या गाईडने इंजिन बंद करायला लावलं. चिखलातून झाडांची मुळं खिळे ठोकल्यासारखी वर आलेली. खारट चिखलात हवा नसते, म्हणून मुळं श्वासाला बाहेर काढतात. त्या मुळांमधून बोटभर मासे पाण्याबाहेर सरपटत होते, कोकणात निवटी म्हणतात ते. दोन नर पाठीवरचा पर उभारून एकमेकांवर तोंड वासत होते. दहा मिनिटं बोटीवर कोणी बोललं नाही. माझ्यासाठी ती ट्रिप तिथेच वसूल झाली.

वडिलांबद्दल: ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या चिखलाने माखतात, तिथून फळीवरून बोटीत जावं लागतं. त्यांना भरतीच्या वेळी चढवा-उतरवा. मनोऱ्याचे जिने चढले नाहीत तरी चालतं, डेकवर खुर्ची असते.

धुळेकर:
मुंबईहून विमानाने जा. वडिलांना दिवसभर गाडीत बसवणं बरोबर नाही. खरं तर त्यांना घरीच ठेवा.

लोकोशेड, भुसावळ:
विमानाने ४५ हजारांत चार जण? गीतांजली आहे ना! मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना १९७७ साली सुरू झालेली गाडी. दुपारी भुसावळला बसा, दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. वडिलांना निवृत्तीनंतरचा पास असेल, त्यांचं भाडं वजाच करा. हावड्याहून सियालदहला आता मेट्रो जाते, तिथून कॅनिंग लोकल, पुढे रस्त्याने गोदखाली, तिथल्या धक्क्यावर बोट मिळते.

धुळेकर:
डिसेंबरात धुक्याने गाड्या रखडतात.

लोकोशेड, भुसावळ:
ते दिल्लीकडच्या गाड्यांचं. ही नागपूर, रायपूर, टाटानगरवरून जाते.

शेवभाजी, नंदुरबार:
शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच बजावून सांगा. बोटीवर मासे रोज असतात, आम्हाला तिन्ही वेळा बटाटाच मिळाला. मी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा नेला होता, त्यावर निभावलं.

हतनूरचे पक्षी:
मगरी पाहायच्या तर ओडिशातलं भितरकनिका. भद्रक स्टेशनला उतरा. मे ते जुलै मगरींच्या विणीसाठी बंद असतं, डिसेंबरात चालू. आणि एक बोलू का, आपल्या हतनूर धरणावर दर हिवाळ्यात परदेशातून बदकं येतात, तिकडे भुसावळचं कोणी फिरकत नाही. वाईट वाटतं.

केळीबाग, रावेर:
वाघ पाहिजे तर ताडोबा. परत सांगतो.

तापीकाठ, भुसावळ:
सगळ्यांचे आभार. बुकिंग केलं. सजनेखालीसमोरच्या पाखिरालय गावात दोन रात्री, २४ जणांची बोट. लहान बोट हिशेबात बसेना. गाणी नाहीत, कमोड आहे, दोन्ही लिहून घेतलं.

वडिलांना घरी ठेवा असं दोघांनी म्हटलं. मी हा धागा त्यांना वाचून दाखवला. ३१ वर्षं त्यांनी भुसावळहून हावडा मेलला हिरवी झेंडी दाखवली, बडनेऱ्याला उतरले आणि दुसरी गाडी घेऊन परत आले. पास हाताशी असून प्रत्येक सुट्टी शेतात गेली. हावडा त्यांनी पाहिलेलंच नाही. म्हणून गीतांजलीही नाही, मेलच, असं त्यांनी सांगितलं. पहाटे बसायचंय आणि खालचा बर्थ मिळालाय. मेल हावड्याला सकाळी लवकर पोचते, त्याच दिवशी गोदखाली गाठता येईल.

चोपड्याचे दादा, ओहोटीची वेळ आधी कशी कळेल?

सातपुड्यातला, चोपडा:
पोचलात की गाईडला त्या दिवसाची विचारून लिहून ठेवा. रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. मुलीकडे वही द्या, पुढच्या दिवसांचं ती मांडेल.