मदत हवी आहे: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दणके देतोय

मंडळी, २०११ची जर्मन डिझेल एसयूव्ही, सेकंडहँड घेतलेली, १,४०,००० किमी झालेत. सकाळी थंड असताना लोण्यासारखी चालते. परवा खंबाटकी घाट चढताना मात्र दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना मागून कुणी लाथ घातल्यासारखा दणका बसला आणि गाडी एकाच गिअरला अडकली. बंद करून चालू केली की ठीक. गिअरबॉक्सचं ऑइल कधीच बदललेलं नाही (लाइफटाइम म्हणे!), थोडं काढून पाहिलं तर काळंकुट्ट, जळका वास. एक गॅरेजवाला म्हणतो अख्खा बॉक्स बदला, साडेतीन लाख. दुसरा म्हणतो आधी मेकॅट्रॉनिक (बॉक्समधलं गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) तपासा. ऑइल-फिल्टर बदलून बघू, की नव्या ऑइलने झिजलेले क्लच आणखी घसरतील? पुण्यात बॉक्स उघडून काम करणारं खात्रीचं कुणी? बायको म्हणतेय, विकून टाका.