विषय: उन्हाळा, तान्हं बाळ आणि शिवणयंत्र

(हा धागा बऱ्याच जणींनी पुन्हा मागितला, म्हणून सगळ्या मेल एकाखाली एक लावून पाठवतोय. सह्या आणि प्रत्येक मेलखाली लोंबणारं जुनं शेपूट छाटलं आहे. – ही मेलची यादी सांभाळणारा)

प्रेषक: सातव्या महिन्यातली

नमस्कार मंडळी,

ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर बाळ येणार आहे. काल कपाट उघडून बसले. निम्म्या कपड्यांत मी आत्ता मावत नाही आणि उरलेल्या निम्म्यांत बाळाला पाजता येणार नाही, कारण गळे बंद आणि चेन पाठीत.

घरी मशीन आहे. कुर्ते, फ्रॉक, पायजमे शिवता येतात, ब्लाउजच्या वाटेला मी जात नाही. तेव्हा उन्हाळाभराचे कपडे घरीच शिवायचे ठरवलंय. चार कुर्ते, दोन बाजूला बांधायचे अंगरखे, दोन लांब फ्रॉक, तीन सैल पायजमे आणि एक लिननची पँट. एकूण बारा नग, बाळ यायच्या आत शिवून, इस्त्री करून कपाटात.

दोन प्रश्न. माप कुठलं धरू, गरोदरपणाआधीचं की त्यात चार इंच वाढवून? आणि समोर चेन बरी की बटणं?

प्रेषक: शिवणवाल्या काकू

अगं, बारा? आणि वर इस्त्री?

माप कुठलंच धरू नकोस. बाळ बाहेर आलं म्हणून पोट त्याच दिवशी आत जात नाही. नुसतं गर्भाशय मूळ आकाराला यायलाच साधारण 6 आठवडे लागतात. कंबर आणि पोटाचे स्नायू त्यानंतर आपापल्या सवडीने येतात. छातीचं तर विचारूच नकोस. सुरुवातीला सकाळचं माप संध्याकाळी राहत नाही आणि एका बाजूला पाजून झालं की डाव्या-उजव्यातच फरक दिसतो. अशा अंगावर टक (छातीला आकार द्यायला शिवलेली टोकदार चुणी) घातलेला कुर्ता बेतलास तर टक एकीकडे आणि छाती दुसरीकडे.

म्हणून आधी शिवायचं ते फक्त बिनमापाचं. नाडीचे पायजमे, योकखाली (खांद्याकडच्या वेगळ्या जोडाखाली) चुण्या सोडलेले कुर्ते आणि ते अंगरखे. फ्रॉक यादीतून काढ. समोरून खालपर्यंत उघडत नसेल तर पाजायला तो पायापासून वर घ्यावा लागतो, आणि पाहुण्यांसमोर ते कसं दिसेल याचा विचार तूच कर. लिननची पँट पुढच्या वर्षी.

आता माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडायचं जादा कापड. बाजूच्या शिवणीत आपण दीड सेंटीमीटर सोडतो, तू 3 सोड. दोन्ही कडा आधी वेगवेगळ्या झिगझॅग कर आणि मग जोड. एकत्र ओव्हरलॉक केलंस (कडा एकदमच दोऱ्याने बांधून टाकल्यास) तर माया असून नसल्यासारखी. पहिली टीप लांब टाक्याची, 4 मिलिमीटरची घाल. उसवायला सोपी जाते आणि दाट विणीच्या कापडावर जुन्या टाक्यांची रांगोळी उमटत नाही. मुंढ्याच्या (बाही जोडतो त्या) वळणात मात्र जादा माया ठेवू नकोस, तिथे ती ओढ धरते.

कापड सुतीच घे. मलमल, लॉन किंवा ती दुपदरी जाळीदार मलमल असते ती. बाळंतपणानंतरचे काही आठवडे रात्री अंग घामाने निथळतं. अंगातलं साठलेलं पाणी बाहेर पडत असतं आणि संप्रेरकंही झपकन उतरलेली असतात. पॉलिएस्टर त्या वेळी नकोसं होतं. व्हिस्कोस अंगावर सुंदर पडतो, पण ओला झाला की कमजोर होतो. सुताचं उलट आहे, ते ओलं असताना जास्त मजबूत असतं. रोज धुवायच्या कपड्याला हा फरक पुरेसा आहे.

आणि बेतायच्या आधी कापड धू. पुढे ज्या पाण्यात आणि ज्या ड्रायरमध्ये जाणार तसंच धू. सुती कापड मीटरमागे 3 ते 5 सेंटीमीटर सहज आटतं. आखूड झालेला कुर्ता बाळाला उचलताना पोट उघडं टाकतो, म्हणून लांबीतही चार बोटं जास्त धर.

चेन नको. बाळाचा गाल नेमका तिथेच घासतो. प्रेस बटणं चालतील, पण माझी फजिती ऐक. मलमलीच्या कुर्त्याला मी मोठ्या हौसेने प्रेस बटणं ठोकली, आतून फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटवायचं आधाराचं कापड) न लावता. तिसऱ्या दिवशी घाईत ओढलं तर बटण हातात आलं आणि बटणाएवढा गोल तुकडाही त्याच्यासोबत. छातीवर पाच पैकी एक खिडकी कायमची उघडी. पातळ कापडाला मागे आधार पाहिजेच.

सगळ्यात सोपं म्हणजे दुहेरी पदराचा कुर्ता. आतल्या पदराला दोन्ही बाजूंना उभ्या फटी, वरचा पदर छातीखालपर्यंत मोकळा सोडलेला. वरचा उचलायचा, फटीतून पाजायचं, सोडून द्यायचा. ना बटण ना काज. फटीच्या दोन्ही टोकांना मात्र आडवे पक्के टाके घाल, नाहीतर आठवड्याभरात फट कमरेपर्यंत पोचेल.

प्रेषक: दुसऱ्यांदा आई झालेली

काकूंचं सगळं मान्य, एक सोडून. "मापाचं नंतर शीव" असं त्या सरळ म्हणाल्या नाहीत, पण अर्थ तोच निघतो. काकू, नंतर कधी? पहिल्या वेळी मीही हेच ठरवलं होतं. बाळ झोपलं की मशीन काढायची, दोरा ओवायचा, बॉबिन भरायची, की बाळ उठलं. तीन महिन्यांत अर्धी बाही झाली.

या वेळी कापून ठेवलं. एका कपड्याची एक पिशवी. आत कापलेले तुकडे, बटणं, इलॅस्टिक आणि चिठ्ठी: "खांदे जोडले. पुढे: गळ्याला पट्टी." डोकं इतकं रिकामं असतं की उलट-सुलट बाजूही कळत नाही, म्हणून सुलट बाजूला खडूची फुली. आणि कापडं अशी निवडली की सगळ्यांवर एकच राखाडी दोरा चालेल. मशीनमध्ये तोच दोरा महिनाभर आणि सहा बॉबिन आधीच भरलेल्या. बसायचं, वीस मिनिटं टीप मारायची, उठायचं. मापाचे तुकडे मात्र ढोबळ कापून ठेवायचे, टक आणि बाजू अंगावर घालून मगच.

कमरेबद्दल. माझी दोन्ही सिझेरियन. टाके ओटीपोटात अगदी खाली असतात, नेमके जिथे पायजम्याचा नेफा बसतो तिथे. नेफा उंच घे, बेंबीच्या वर जाईल असा. आत एक सेंटीमीटरचं इलॅस्टिक काचतं, चार सेंटीमीटरचं मऊ घाल. टोकाला दहा सेंटीमीटर जास्त ठेवून नेफ्यात आत सरकव आणि तेवढं तोंड हाताने टाचून ठेव, म्हणजे कंबर उतरेल तसं ओढून घेता येतं. लहान मुलांच्या पँटला असतं तसं काजांचं इलॅस्टिक मिळालं तर काहीच उसवावं लागत नाही. प्रसूती कशी होईल हे आधी कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून तिन्ही पायजमे असेच शीव.

बाळाला छातीशी बांधून फिरणार असशील तर आणखी एक. त्याचा कमरपट्टा जिथे येतो तिथे नाडीची गाठ आली की हाडात रुतते. गाठ बाजूला आण. खिसेही पट्ट्याखाली दबतात, म्हणून मांडीवर, हात सरळ सोडला की पोचेल तिथे.

प्रेषक: धुणं ज्याच्याकडे आहे तो बाबा

माझं शिवणकाम बटण लावण्यापर्यंतच, पण धुणं दोन वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे बोलायचा हक्क आहे.

ताई, फिक्या राखाडी रंगाचा टी-शर्टासारखा कपडा घेऊ नका. दुधाचा एक थेंब पडला तरी रुपयाएवढा काळा डाग लांबून दिसतो. बारीक, गर्दीचं छापील कापड घ्या, त्यावर सगळं खपतं. दुधाचा डाग आधी थंड पाण्यात. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं शिजून धाग्यात बसतात, हे मी एक पांढरा कुर्ता पिवळा करून शिकलो.

संख्येचा हिशोब: दिवसाला दोन वरचे कपडे जातात, कधी तीन. एक दिवसाआड मशीन लावली तर पाच ते सहा वरचे आणि तीन खालचे पुरतात. मात्र प्रत्येक वरचा प्रत्येक खालच्यावर जायला हवा. जोड्या शोधायला पहाटे चार वाजता कुणी उभं राहत नाही. आणि इस्त्री विसरा. चुणीदार मलमल पिळून, झटकून वाळत घातली की तशीच बरी दिसते.

प्रेषक: यादी सांभाळणारा

विनंती: कुर्त्याचे 14 एमबीचे फोटो यादीवर टाकू नका, निम्म्यांच्या मेलपेट्या तुंबल्यात. बाकी चर्चा झकास चाललीय. मी शिवत नाही, पण वाचतोय.

प्रेषक: सातव्या महिन्यातली

काकू, ताई, बाबा, सगळ्यांचे आभार. यादी बारावरून नवावर आली: दोन दुहेरी पदराचे कुर्ते, दोन बटणांचे, दोन अंगरखे, तीन पायजमे. फ्रॉक आणि पँट रद्द. (पँटवर जीव होता.)

काल जुन्या, धुऊन मऊ झालेल्या चादरीचा अंगरखा कच्चा शिवून पाहिला. मग डाव्या कुशीत उशी घेतली, उशीला बाळ मानलं आणि उजव्या हाताने उघडायचा प्रयत्न केला. गाठ सुटली. परत बांधायची कशी? एका हाताने गाठ बसतच नाही! दात लावून पाहिले. यजमान दारात उभे राहून बघत होते, त्यांना वाटलं मी उशीला चावतेय.

बटणांचा कुर्ताही तसाच तपासला. बायकांच्या कपड्यांत उजवी बाजू वर येते, त्यामुळे उजव्या हाताने उघडतं, डाव्या हाताने अंगठा अडतो. आणि पाजायचं तर दोन्ही बाजूंनी असतं. काय करू?

प्रेषक: शिवणवाल्या काकू

उशीची कल्पना मला चाळीस वर्षांत सुचली नाही. शाब्बास.

अंगरख्याची गाठ सोडायचीच नाही. बाहेरची नाडी कायम बांधलेली, आतल्या नाडीच्या जागी एक प्रेस बटण (फ्यूजिंग लावून!). गळ्याची तिरकी कड नुसती बाजूला सारायची. पण तिरकं कापलेलं असतं ना, ते रोज ओढून सैल पडतं आणि दहा दिवसांत गळा लोंबतो. म्हणून कडेला आतून उभ्या धाग्याची अरुंद पट्टी लाव. पट्टी गळ्यापेक्षा जराशी, सेंटीमीटरभर, आखूड घे आणि गळा तिच्यावर बेताने बसव. कड अंगाला धरून राहील. दोन भाग एकमेकांवर निदान एक वीत चढू देत.

बटणांसाठी काज थोडं मोठं कर आणि बटण चपटं, गुळगुळीत घे. अंगठ्याने ढकललं की सुटलं पाहिजे. बटणाला दोऱ्याची उंच मान ठेव आणि ते दुहेरी दोऱ्याने इतकं पक्कं लाव की तू लोंबकळलीस तरी निघणार नाही. चार-पाच महिन्यांचं बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं. मणी, टिकल्या, सुटे गोंडे काहीही नको.

आणि बगलेत चौकोनी जोड घाल, तळहातापेक्षा लहान. बाळाला खांद्यावर घ्यायला हात वर गेला की जोड नसलेला कुर्ता अख्खा वर चढतो.

प्रेषक: आता बाळाची आई

मंडळी, दहा आठवडे झाले. एका हाताने टाइप करतेय, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

शिवून झालेले: तीन पायजमे, दोन दुहेरी पदराचे, एक अंगरखा. रोज तेच सहा अंगावर असतात. दुसऱ्या अंगरख्याची पिशवी उघडली, आत चिठ्ठी: "बाही लावायची. कुठली डावी ते बघ." ती चिठ्ठी मीच लिहिली होती. अजून बघतेय.

काकू, बाजूची माया गेल्या आठवड्यात एका कुर्त्याची सोडली. कंबरेला नव्हे, दंडाला. बाळाला उचलून दंड भरलेत, हे कुणीच सांगितलं नव्हतं. बाहीतही माया ठेवायला हवी होती, तिथे मी दीडच सोडली होती. तिथे आता चादरीची उभी पट्टी जोडलीय, रंग वेगळा, बरी दिसते.

ताई, नेफ्यात सरकवलेलं इलॅस्टिक दोनदा ओढून झालं. कापलेला तुकडा फेकला नाही, बाळाच्या टोपीला लागला.

बटणांचे दोन कुर्ते तसेच पिशवीत आहेत. कुणाला आठव्या-नवव्या महिन्यात हवे असतील तर कापलेले तुकडे, बटणं, राखाडी दोऱ्याच्या दोन भरलेल्या बॉबिन आणि चिठ्ठी असं सगळं देते. चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका.