दादांना कॅन्सर आहे हे सांगायचं का नाही?

दादांना (वडील, वय 68) अन्ननलिकेचा कॅन्सर निघालाय. आम्ही परळीकडचे, दवाखाना लातूरला. डॉक्टरांनी दादांना बाहेर बाकड्यावर बसवलं, मला एकट्याला आत घेऊन बायोप्सीचा रिपोर्ट सांगितला. वर म्हणाले, "त्यांना बोलू नका, खचतील." आई पण तेच म्हणायली. ऑपरेशनचा संमतीचा फॉर्म इंग्रजीत, त्याच्यावर सही माझी.

दादा सातवी शिकलेत, पेपर रोज वाचतात. परवा येष्टीत म्हणाले, "साधी गाठच हाय ना? मग रिपोर्टची पिशवी मुताय जाताना बी संगं काऊन नेतूस?" मी हसून वेळ मारून नेली. बहिणीच्या हिश्श्याचं विचारलं तर म्हणायलेत, पुढल्या वर्षी बघू.

डॉक्टरला असं लपवता येतं का?

उत्तर 1
मी भूलतज्ज्ञ आहे. वडील शुद्धीवर आहेत, समज आहे, मग सही त्यांचीच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा समीरा कोहली निकाल बघा. बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी भुलेखाली होती आणि बाहेर बसलेल्या आईला विचारून गर्भाशय, अंडाशय काढले. न्यायालयानं ती संमती धरली नाही. जिवाला तातडीचा धोका नव्हता, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं.

सांगण्यानंच पेशंटला गंभीर इजा होईल, एवढ्यापुरती डॉक्टरला सूट मानतात. 'खचतील' हे त्यात बसत नाही. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांतही आजार फुगवून सांगू नये, कमी करूनही नाही, असंच आहे. पण माहिती 'पेशंट, नातेवाईक किंवा जबाबदार मित्रांना' असावी असंही लिहिलंय, आणि त्या 'किंवा'त आम्ही मंडळी खुशाल शिरतो.

ऐकायचं नसेल तर तोही हक्क त्यांचाच. आधी विचारा, किती सांगू?

उत्तर 2
आमच्या आत्याबाईंना कॅन्सरचं रेडिएशन द्यायला नेताना नुसतं 'शेक द्यायला नेतोय' म्हणलो होतो. शेकाच्या खोलीबाहेर शेजारच्या बाईनं सगळं सांगून टाकलं. दोन दिवस आत्याबाई माझ्या हातचं जेवल्या नाहीत.

उत्तर 3
घाई नको भाऊ. आमच्या चुलत्याला सांगितलं, त्यांनी औषधंच बंद केली.

विचारणारा
चुलत्याचं वाचून दोन दिवस गप्प बसलो. काल संध्याकाळी गोठ्यात दादा म्हशीला पेंड घालत होते. विचारलं, "दादा, रिपोर्टचं सगळं सांगू का थोडं?" त्यांनी घमेलं खाली ठेवलं.

"तुझी माय रानातून यायच्या आत सांग," म्हणाले.