ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून घरघर – मदत हवी आहे

मंडळी, २०१४ ची डिझेल हॅचबॅक आहे, सव्वा लाख किमी झालेली. ॲक्सिलरेटर दाबला की १८०० ते २५०० आरपीएमच्या मध्ये जोरात घरघर सुरू होते, पाय काढला की गप्प. खंबाटकी घाट चढताना तर शेजारच्याशी बोलायची सोय नाही.

व्हील बेअरिंग नसावं. ते गाडीच्या वेगाबरोबर वाढतं, इथे न्यूट्रलमध्ये गाडी पळत असताना आवाजच नाही. टर्बोचा होस (इंजिनला दाबाने हवा नेणारा पाइप) फाटला असता तर पिकअप पडला असता, काळा धूर दिसला असता. तसंही काही नाही. मात्र खाली वाकून टॉर्च मारला तर एक्झॉस्टच्या जाळीदार फ्लेक्सिबल पाइपवर एका बाजूला काजळीचा डाग आहे, बोटाला लागतो. सकाळी थंड इंजिनवर तिथूनच फटफट ऐकू येते.

एक मेकॅनिक म्हणतो इंजिन माउंटिंग (इंजिनाला धरणारे रबरी आधार) बदला, दुसरा थेट गिअरबॉक्स उतरवायला निघालाय (बिलाचा आकडा ऐकून मीच उतरलो). माझा संशय फ्लेक्सिबलवरच.

तेवढाच तुकडा कापून नवीन वेल्ड केलेला टिकतो का, की पूर्ण पाइप घ्यावा? माउंटिंगचं रबर दबून खराब झाल्यामुळे फ्लेक्सिबल फाटतो असं होतं का? पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला चांगला सायलेन्सरवाला असेल तर सांगा. सिग्नलला आत धुराचा वास येतो, म्हणून सध्या एसी बंद, काचा खाली. लेकरं मागे बसतात, त्यामुळे जरा घाई आहे.