धाकटीचं लग्न कोयत्यासाठी लावतायत, अण्णांना कसं समजावू?

प्रश्न: धारूरची_लेक

माझं वय 23, दोन लेकरं. लग्न सोळाव्या वर्षी झालं, दसऱ्याच्या तोंडावर घाईघाईत. ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, नवरा-बायकोच्या जोडीवर देतो. जोडी म्हणजे एक कोयता, एकट्या पोराला अर्ध्या कोयत्याची. मी गेले अन् नवऱ्याचा कोयता पूर्ण झाला.

लग्न म्हणजे काय ते मला कोपीत, फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत कळलं. पहाटे उठून भाकरी थापायच्या, अंधारात उसाचा फड गाठायचा, दिवसभर मोळ्या वाहायच्या. पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही अन् खाडा केला तर पैसे कापतात. सातव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलल्या, आठव्यात बाळंत झाले. तपासणीचं कार्ड गावी राहिलेलं. तिकडच्या दवाखान्यात किती महिने झाले विचारलं, तर मला धड सांगताही येईना.

आता धाकटी बहीण सतरावं पुरं करायला आलीय, अकरावी सायन्सला आहे. आई-अण्णा दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती आजीजवळ राहायची. आजी या चैतात वारली. अण्णा म्हणतात, "वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवू? सोबत नेली तर कोपीला दार नाही." माझे अण्णा वाईट नाहीत, त्यांची भीती खरी आहे. म्हणून तर मला उत्तर सापडत नाही. पाहुणे बघून गेलेत. मुलगा 19 चा.

आशा_अंबाजोगाई

ताई, मुलगी 18 किंवा मुलगा 21 च्या आत असेल तर हे लग्न बेकायदा आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 चा आहे, लावणाऱ्यांनाही शिक्षा होते. गावात ग्रामसेवक हेच त्याचे अधिकारी. 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करून कळवता येतं. पण फोन शेवटी करा. आधी अण्णांना जागा दाखवा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. तालुक्याला चौकशी करा, आई-वडिलांचं ऊसतोड कामगार ओळखपत्र ग्रामसेवकांकडून काढून घ्या.

अन् तुमचं स्वतःचं? तिसरं लवकर नको असेल तर जायच्या आधी आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवून गर्भ राहू नये म्हणून देतात त्या 'अंतरा' इंजेक्शनबद्दल विचारा. मोफत असतं, तीन महिने पुरतं. कार्ड सोबत न्या, पुढचा डोस तिकडच्या सरकारी केंद्रात मागता येतो.

पंधरा_हंगाम

मी वडवणीचा. अण्णांशी कायदा बोलू नका, हिशोब बोला. पोरीच्या लग्नाला उचल वाढवून घेतली की ती एका हंगामात फिटत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा जावंच लागतं. माझं तेच झालं. अन् त्या 19 च्या पोराचाही विचार करा. मिसरूड फुटायच्या आत त्याच्या डोक्यावर बायको, लेकरू अन् उचल.

बायकोची गर्भपिशवी 26 व्या वर्षी काढली. अंगावरून पांढरं जायचं, दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली, वर खाडा नको म्हणून मीही हो म्हणलो. 2019 साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यात पाहणी केली, तेव्हा 82 हजारांवर ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातली एक माझ्या घरात आहे. आता तिची कंबर धरते, हाडं दुखतात, मोळी उचलवत नाही. अण्णांना हे माझ्या नावानं सांगा.

धारूरची_लेक

दादा, काल चुलीपाशी अण्णांना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. पिशवीचं ऐकून आई उठून आत गेली. तिचीही काढलीय, मला माहीत नव्हतं.

अण्णा बराच वेळ गप्प. मग एवढंच विचारलं, "त्या वसतिगृहात रात्री बाई राहती का?" सोमवारी आम्ही तिघं तालुक्याला जाऊन बघणार आहोत. धाकटीनं कागदांची पिशवी आजच भरून ठेवलीय. पाहुण्यांना अजून 'नाही' म्हणून कळवलेलं नाही, ते मी सोमवारनंतर अण्णांकडूनच वदवून घेणार आहे.