बाऊचरकॉनला नुसता वाचक म्हणून गेलं तर चालतं का? (कॅलगरी, ऑक्टोबर २०२६)

एडमंटनची_रेवा:
नमस्कार मंडळी, इथे रहस्यकथा वाचणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. यंदाचं बाऊचरकॉन, म्हणजे रहस्यकथांचं ते दरवर्षीचं मोठं संमेलन, कॅलगरीला आहे, म्हणजे माझ्या घरापासून गाडीने तीन तास, इतक्या जवळ ते परत कधी येईल देव जाणे. मी लेखिका नाही, ब्लॉगही लिहीत नाही, फक्त वाचते. लहानपणी आमच्या गल्लीतल्या वाचनालयातून माझे बाबा बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड आणायचे, त्यांचं वाचून व्हायच्या आत मी ते पळवायचे, तिथून जी सवय लागली ती अजून सुटलेली नाही. आता प्रश्न असा की तिथे सगळे लेखक, एजंट, प्रकाशक असतात का, आणि माझ्यासारखी एकटी बाई चार दिवस तिथे करणार काय? दुसरं म्हणजे ते अँथनी अवॉर्ड्स, एडगर, अगाथा यात माझा कायम गोंधळ होतो, कोण देतं, कशाला देतं, कोणी जरा समजावून सांगाल का? फी बऱ्यापैकी आहे, वर हॉटेल, त्यामुळे नीट विचार करूनच पैसे भरायचेत.

टेनेसीकर:
रेवाताई, डोळे मिटून जा. मी २०२४ ला नॅशविलला गेलो होतो, मीही नुसताच वाचक, आणि हे संमेलन मुळात वाचकांचंच आहे हे पहिल्या तासातच कळतं. १९७० साली कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाला पहिलं झालं, अँथनी बाऊचर नावाच्या समीक्षकाच्या आठवणीत, तो १९६८ ला गेला होता. (उच्चार बाऊचर, व्हाऊचरसारखा. मी तिथे जाईपर्यंत बुशे म्हणत होतो.) दरवर्षी गाव वेगळं, आणि ज्या गावात असेल तिथले स्वयंसेवक सगळं उभं करतात, कंपनी वगैरे कोणी नाही मागे.

दिवसभर एकाच वेळी चार-पाच खोल्यांत पॅनल्स, म्हणजे लेखकांच्या चर्चा, चालू असतात, कोणत्याही खोलीत जाऊन बसायचं, कोणी विचारत नाही. मला सगळ्यात आवडलं ते स्पीड डेटिंग, नाव तसलं असलं तरी प्रकार असा की आपण गोल टेबलाशी बसून राहायचं आणि लेखक जोडीजोडीने टेबलं फिरत येतात, दोन-दोन मिनिटांत आपलं पुस्तक सांगतात, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. त्या दोन तासांत मी जी नावं लिहून घेतली ती पुढचं वर्षभर वाचत होतो. एकटं असण्याचं अजिबात टेन्शन घेऊ नका, लिफ्टमध्ये गळ्यातला बिल्ला बघून लोक विचारतात सध्या काय वाचताय, तिथूनच गप्पा सुरू. एका आजींनी मला त्यांच्या टेबलावर जेवायला बोलावलं, त्या तिशीत असल्यापासून येतायत म्हणाल्या. आणि पुस्तकं इतकी फुकट मिळतात की जाताना बॅग अर्धी रिकामी न्या, हे मनापासून सांगतोय.

आता अँथनीचं. ही अवॉर्ड्स १९८६ पासून आहेत आणि ती कोणी ज्युरी देत नाही, संमेलनाला नाव नोंदवलेले लोक देतात. वर्षाच्या सुरुवातीला नॉमिनेशनचा फॉर्म येतो, आदल्या वर्षी आलेल्यांनाही येतो, त्यातून फायनलिस्ट ठरतात आणि शेवटचं मत तिथे जाऊन द्यायचं. म्हणजे तुमचं मत आणि तिथल्या बेस्टसेलर लेखकाचं मत सारखंच मोजलं जातं. मला तर ही गोष्ट फार मोठी वाटते.

जुनापुराणा:
संमेलन चांगलंच असणार, वाद नाही, पण अवॉर्डबद्दल मला वेगळं म्हणायचंय. मत देणाऱ्यातल्या किती जणांनी पाचही पुस्तकं वाचलेली असतात? ज्याचं नाव ऐकलंय, जो लेखक बारमध्ये हसून बोलला, त्याला मत पडतं. एडगरचं तसं नाही, ते मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिकाचं, लेखकांच्या कमिट्या ढीगभर पुस्तकं वाचून निवडतात. १९८६ चंच बघा, पहिल्याच वर्षी अँथनी मिळालं सू ग्राफ्टनच्या 'बी इज फॉर बर्गलर'ला, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने चालणारी लोकप्रिय मालिका, पुढच्या वर्षी परत तिलाच 'सी'साठी. आणि त्याच १९८६ मध्ये एडगर कोणाला, तर एल. आर. राइटच्या 'द सस्पेक्ट'ला. ऐंशी वर्षांचा म्हातारा पंच्याऐंशीच्या म्हाताऱ्याला मारतो, खुनी कोण हे पहिल्याच पानावर कळतं, आणि तरी शेवटपर्यंत पुस्तक खाली ठेववत नाही. हे पुस्तक शोधून काढायला ज्युरीच लागते. रेवा, तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो, ही राइट कॅनडाची, आणि कादंबऱ्यांच्या आधी कॅलगरी हेराल्डमध्ये पत्रकार होती. जायच्या आधी नक्की वाचा.

टेनेसीकर:
राइटबद्दल शंभर टक्के सहमत. पण ग्राफ्टनला नुसती लोकप्रिय म्हणून बाजूला नका सारू. १९८६ ला बक्षीस मिळालं ते त्या मालिकेतलं दुसरंच पुस्तक होतं हो, मोठं नाव नंतर झालं, आणि तिला आधी उचलून धरलं ते याच लोकांनी. पुढे 'वाय'पर्यंत लिहिलं, २०१७ च्या डिसेंबरात गेली, झेड राहूनच गेलं. आणि १९८९ घ्या, त्या वर्षी अँथनी मिळालं थॉमस हॅरिसच्या 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'ला, सिनेमा यायला अजून दोन वर्षं होती, एडगर मात्र दुसऱ्याच पुस्तकाला गेलं. आज लोकांच्या लक्षात कोणतं आहे?

शिवाय बाऊचर स्वतः कसा माणूस होता ते बघा. न्यूयॉर्क टाइम्समध्ये वर्षानुवर्षं रहस्यकथांचा कॉलम लिहायचा, ज्या काळात या पुस्तकांकडे कोणी साहित्य म्हणून बघत नव्हतं तेव्हा तो मन लावून त्यांचं परीक्षण करायचा. बोर्हेसची कथा पहिल्यांदा इंग्रजीत आणली ती यानेच, १९४८ ला, आणि छापली कुठे तर एलरी क्वीनच्या रहस्यकथांच्या मासिकात! कुठलं पुस्तक कुठल्या फडताळात ठेवायचं याची पर्वा न करता वाचणारा माणूस. त्याच्या नावाचं बक्षीस वाचकांनी द्यावं हे मला तरी बरोबर वाटतं. न वाचता मत देऊ नये हे तुमचं म्हणणं मात्र मान्य, मी दोन कॅटेगरी कोऱ्या सोडल्या होत्या.

गोदाकाठ:
अगाथाचं कोणी सांगितलं नाही म्हणून मी लिहिते. ते वेगळ्या संमेलनात देतात, मॅलिस डोमेस्टिक, वॉशिंग्टनच्या शेजारी मेरीलँडमध्ये दर वसंतात, १९८९ पासून. तिथे फक्त अगाथा ख्रिस्तीच्या वळणाची पुस्तकं, रक्तपात आणि बीभत्स काही नाही, मत तिथेही आलेल्यांचंच. आणि बक्षीस म्हणून काय देतात माहितीये, चहाची किटली! मला ते इतकं आवडतं.

आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे सुजाता मॅसीच्या 'द विडोज ऑफ मलबार हिल'ला ऐतिहासिक कादंबरीचं अगाथा मिळालंय. १९२१ ची मुंबई, परवीन मिस्त्री नावाची पारशी वकील, पडद्यातल्या तीन विधवा, त्यांच्याशी पुरुष वकील बोलूच शकत नाही, म्हणून गुंता सोडवायला बाईच पाहिजे. म्हणजे रहस्य त्या काळाच्या रिवाजातूनच उगवतं, वरून चिकटवलेलं नाही. परवीन ज्यांच्यावरून सुचली त्यातल्या एक कॉर्नेलिया सोराबजी, त्यांचा जन्म १८६६ चा, आमच्या नाशिकचा, आणि शिकल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मी नाशिकमध्ये शाळा-कॉलेज केलं पण हे नाव मला कोणी सांगितलं नाही, एका अमेरिकन रहस्यकथेतून कळलं, याचं मला अजून वाईट वाटतं. याच्या आधी रहस्यकथांतली मुंबई म्हणजे कीटिंग या इंग्रज लेखकाचा इन्स्पेक्टर घोटे, १९६४ चं पहिलंच पुस्तक, त्याला इंग्लंडचा गोल्ड डॅगर पुरस्कार मिळाला, पण कीटिंगने तेव्हा मुंबई पाहिलीही नव्हती, पुढची दहा वर्षं नकाशे आणि वर्तमानपत्रं बघून लिहीत होता. मला घोटे आवडतो, पण परवीनच्या फोर्टमधून चालताना पायाखाली रस्ता लागतो.

एडमंटनची_रेवा:
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, इतकं मनापासून लिहाल असं वाटलं नव्हतं. काल रात्री नाव नोंदवलं. 'द सस्पेक्ट' इथल्या लायब्ररीत आहे, होल्डवर टाकलंय. जुनापुराणा, तुमचं म्हणणं डोक्यात राहिलंय, बेस्ट नॉव्हेलचे फायनलिस्ट पाचही वाचून होईस्तोवर मी त्या कॅटेगरीत मत देणार नाही, आत्तापासून महिन्याला दोन धरले तर जमेल असं वाटतंय. टेनेसीकर, ते स्पीड डेटिंग कोणत्या दिवशी असतं हो? मला ऑफिसातून गुरुवारची सुट्टी मिळेल की नाही ते अजून नक्की नाहीये.

टेनेसीकर:
आमच्याकडे पहिल्याच दिवशी सकाळी होतं. कसंही करून गुरुवारची सुट्टी काढा.