मदत हवी आहे: नॉर्ममध्ये सोडियम मेटासिलिकेट कुठून टपकलं?

अडकलोय_राव
तातडीचं आहे, उद्या सकाळी सादर करायचंय. दक्षिण ग्रीनलंडमधल्या जुन्या खचदरीतल्या इलिमाउसाक या खडकसमूहाच्या एका नमुन्याचा सीआयपीडब्ल्यू नॉर्म (रासायनिक आकड्यांवरून मांडलेली काल्पनिक खनिजांची यादी) काढतोय, छापील तक्त्यावरून. तीनदा आकडेमोड केली. दरवेळी सोडियम मेटासिलिकेट येतं, तेही भरपूर, आणि ॲक्माइट (सोडियम आणि फेरिक लोहाचं खनिज) शून्य. असलं खनिज खडकात कुणी पाहिलंय का? एक्सेलची शीट गंडली आहे की मी? कृपया सिद्धांत नको, उत्तर हवंय.

गणितच_खरं
इलिमाउसाकमध्ये बरेच खडक आहेत: ऑगाइट सायनाइट आहे, अल्कली ग्रॅनाइट आहे, नॉजाइट, काकॉर्टोकाइट, लुजाव्राइट आहेत. तुमचा नमुना यातला कोणता? आणि लोह कसं दिलंय?

अडकलोय_राव
लुजाव्राइट. लोह म्हणजे लोह. तक्त्यात आहे ते घातलंय.

चमचमखडे
नेफेलीन (सिलिका कमी पडली की फेल्डस्पारऐवजी येणारं खनिज) आणि क्वार्ट्‌झ यांत गोंधळ होत असेल तर सोपी खूण सांगते. नेफेलीन तेलकट दिसतं, क्वार्ट्‌झपेक्षा मऊ असतं आणि उघड्यावर पडलेल्या खडकात आधी तेच झिजून खड्डे पडतात.

अडकलोय_राव
हातात दगड नाहीये हो. फक्त आकडे आहेत.

सूक्ष्मदर्शी_काका
बाळा, एवढं काय त्यात? सगळं लोह फेरिक, म्हणजे जास्त प्राणवायू घेतलेलं धर, ॲक्माइट आपोआप येईल. आमच्या वेळी हातानेच करायचो, कुठली शीट न् काय.

भिंगवाली
काका, माफ करा, पण हा सल्ला घातक आहे. ॲल्युमिनियमला पुरून उरलेला सोडियम ॲक्माइटमध्ये टाकला की एका सोडियम ऑक्साइडमागे चार सिलिका जातात. मेटासिलिकेटमध्ये एकच जाते, आणि तेवढंच लोह फेरस (कमी प्राणवायूचं) राहून ऑलिव्हिनमध्ये गेलं तर आणखी एक. म्हणजे दोनाऐवजी चार. आधीच सिलिकेची ओढाताण असलेल्या खडकात ही भर कुठून काढणार? अल्बाइट, म्हणजे सोडियम फेल्डस्पार मोडून. नेफेलीनचा आकडा फुगेल आणि सकाळी कुणीतरी नेमकं तेच विचारेल.

सूक्ष्मदर्शी_काका
मग सगळं फेरस धरायचं?

भिंगवाली
ते त्यांनी धरलेलंच दिसतंय. फेरिक नसेल तर ॲक्माइट बनणार कशाचं? @अडकलोय_राव, तक्त्यात लोहाचे रकाने किती आहेत ते बघून सांगा. आणि लुजाव्राइट हिरवा आहे की काळा?

नवखा_वाचक
मध्येच विचारतो, राग नसावा. खचदरी तर पूर्व आफ्रिकेत असते ना? ग्रीनलंडमध्ये कुठली?

गणितच_खरं
आज दिसत नाही, पण होती. इलिमाउसाक ज्यात येतं तो गार्डार प्रांत साधारण १३० ते ११४ कोटी वर्षांपूर्वीचा आणि इलिमाउसाक सुमारे ११६ कोटींचं. खंड ताणला गेला, पण समुद्र उघडण्याइतका फाटला नाही. प्रस्तरभंगांनी खाली बसवलेले वालुकाश्म आणि लाव्हाचे थर, भल्यामोठ्या डाइक (भेगांत गोठलेल्या शिलारसाच्या भिंती) आणि हे अल्कधर्मी खडक, एवढा पुरावा शिल्लक आहे. ऑस्लोची खचदरीही अशीच थंडावलेली, पण ती बरीच अलीकडची, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीची. लार्विकाइट तिथलाच.

चमचमखडे
लार्विकाइट!! त्याची निळी झाक फेल्डस्पारमुळे असते. नॉर्वेचा राष्ट्रीय खडक आहे तो.

अडकलोय_राव
धागा माझा आहे, आठवण करून देतो. रकाने तीन आहेत: फेरिक, फेरस आणि शेवटी एकूण लोह. मी एकूणचाच घेतला, सोपा वाटला. हिरवा-काळा कसं कळणार? तळटीपेत आर्फव्हेडसोनाइट लुजाव्राइट लिहिलंय.

भिंगवाली
झालं की! आर्फव्हेडसोनाइट हे सोडियम आणि लोहाचं खनिज, म्हणजे काळा. हिरव्यात एजिरिन (ॲक्माइटचंच दुसरं नाव) असतं, त्यात लोह फेरिक. काळ्यात फेरस जास्त, कारण हा शिलारस प्राणवायूच्या बाबतीत अगदी कंगाल होता. तिथल्या द्रव-समावेशांत (खनिजांत अडकलेल्या सूक्ष्म थेंबांत) चक्क मिथेन सापडतो. रकाने वेगवेगळे घाला. आणि क्लोरीन घातलंय का? सोडालाइट असेल तर त्याच्या वजनात सुमारे ७ टक्के क्लोरीन असतं. नॉर्ममध्ये ते हॅलाइट (मीठ) होऊन सोडियम घेऊन जातं.

अडकलोय_राव
क्लोरीन पुढच्या पानावर होतं. पान उलटलंच नव्हतं. थांबा.

सूक्ष्मदर्शी_काका
तरी म्हटलं.

चमचमखडे
अवांतर: तिथे व्हिलियोमाइटही मिळतं, सोडियम फ्लोराइड. लालभडक आणि विषारी. पाण्यात विरघळतं, म्हणून पाणी वापरून कापलं की स्लाइडवर नुसती भोकं.

अडकलोय_राव
ॲक्माइट आलं!! पण सोडियम मेटासिलिकेट निम्म्यावर आलंय, गेलं नाही. अजून कुठे चुकतंय?

गणितच_खरं
कुठेही नाही. आर्फव्हेडसोनाइटच्या एका सूत्रात तीन सोडियम, चार फेरस, एक फेरिक आणि आठ सिलिकॉन असतात, ॲल्युमिनियम नाही. तो एकटा फेरिक एका सोडियमला ॲक्माइटमध्ये घेतो. उरलेल्या दोघांना मेटासिलिकेटशिवाय जागाच नाही. खडकात ते खनिज नसतंच, तो नॉर्मने मांडलेला हिशेब आहे. उसिंगने १९१२ साली ॲग्पाइट हे नाव दिलं ते असल्याच खडकांना. सोडियम आणि पोटॅशियम मिळून ॲल्युमिनियमपेक्षा बरेच जास्त.

सूक्ष्मदर्शी_काका
ॲग्पाइट गुणोत्तरावर ठरत नाही आता, खनिजांवर ठरतं. झिर्कॉन असेल तर मियास्काइट, युडिआलाइट (सोडियम आणि झिर्कोनियमचं खनिज) असेल तर ॲग्पाइट. एवढं तरी नवीन वाचलंय मी.

गणितच_खरं
मान्य. उसिंगने गुणोत्तरही दिलं होतं, १.२ च्या वर. पण आजचा निकष तुमचाच बरोबर.

अडकलोय_राव
म्हणजे आहे तसं सादर करू? कुणी विचारलं तर आर्फव्हेडसोनाइट सांगायचं?

भिंगवाली
करा. युडिआलाइटही सांगा, त्यातल्या सोडियमलाही ॲल्युमिनियमचा जोडीदार नाही. झिर्कोनियमचा रकाना घातलात ना?

अडकलोय_राव
तो कुठल्या पानावर असतो?